फट

माझ्या आईचं नाव येतर.
येतर म्हणजे पुरे.
पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा आजोबांनी
देवाला ऐकू जावं म्हणून ठेवलेलं.

टॉरसच्या उतारावर, मागाच्या डाव्या अंगाला ती बसायची,
उजव्या अंगाला तिची जाऊ, हुरू काकू.
मध्ये ताण्याचे चारशे पांढरे धागे
आणि बांधावरच्या अक्रोडावरून
तीन वर्षं धरलेला अबोला.

किलीमला गाठ नसते.
लाल आपल्या हद्दीपर्यंत जातो, वळतो.
निळा आपल्या हद्दीपर्यंत येतो, वळतो.
शेजारच्या धाग्याला कुणीच शिवत नाही,
तिथे राहते उभी फट,
दिव्यासमोर धरली तरच दिसेल अशी.

पेराएवढी फट चालते.
त्याहून लांब गेली की त्यात पाय अडकतो,
पोर पडतं, किलीम उसवतो.
म्हणून नक्षी पायरीपायरीने सरकवायची:
लाल दोन धागे पलीकडे,
मग निळा दोन धागे अलीकडे.
पण हे बोलून ठरवावं लागतं.

त्या हिवाळ्यात बोलणार कोण?
आई लाल ठोकत राहिली, काकू निळा.
फण्याच तेवढ्या एकमेकींना उत्तर द्यायच्या,
ठक्‌, आणि जरा थांबून, ठक्‌.
फट वाढत गेली. पेर. बोट. वीत.
मी मागाच्या मागे चातीवर लोकर कातायचे,
एक डोळा मिटून फटीतून बघायचे:
दोघींच्या मधली शेगडी,
तिच्यावर चहाची किटली,
आणि दोन बाजूंनी येणारे दोन हात,
एक येऊन गेल्यावरच दुसरा.

एका सकाळी पाहिलं
तर निळा दोन धागे लालमध्ये शिरलेला.
रात्री कुणीतरी दिवा लावला असणार.
आई कितीतरी वेळ बघत बसली.
मला वाटलं, आता उसवेल.
तिने फणी उचलली,
आणि पुढच्या ओळीला
लाल दोन धागे मागे घेतला.

कोन्याचा दलाल आला, त्याने फटीत अख्खा पंजा घातला,
भाव पाडला.
शिवून द्या म्हणाला.
दोघी एकदमच नाही म्हणाल्या
आणि एकमेकींकडे न बघता
आपापल्या दारांनी बाहेर पडल्या.

त्या शरदात आमच्या उंबऱ्यावर एक गोणी आली.
अक्रोडाच्या हिरव्या साली,
रंगासाठी.
आईने मोठं पातेलं चढवलं.
तपकिरी छान उतरला, पक्का.

अक्रोड अजून त्यांच्याकडेच आहेत.