गॅरंटी नाही

घणसोलीत, शाळेच्या कुंपणाला टेकून
मुनाफ रविवारी निळी ताडपत्री अंथरतो
आणि प्रत्येक वस्तू देताना सांगतो,
"गॅरंटी नाही हां ताई, आधीच सांगतो."
जणू मी परत येऊन भांडणार आहे.
परत जाते मी. भांडायला नाही.

पंधरा रुपयांची टाच घासायची पट्टी,
तिने कॉलेजपासूनच्या भेगा महिन्याभरात मिटवल्या.
नाव नसलेली पांढरी पावडर,
पिशवीला स्टेपल केलेला कागद, त्यावर "नळ चमकेगा", बस्स.
सिडकोच्या घरातला आमचा नळ, खारवलेला, हट्टी,
महागाच्या बाटल्यांनी ज्याच्याशी दोन वर्षं
नुसतीच बोलणी केली,
तो दहा मिनिटांत कबूल झाला.
त्यात माझं तोंड दिसलं,
लांबट, वाकडं,
पण माझंच.

आणि काजळ. चाळीस रुपये. डबीवरच्या मोराला डोळाच नाही.
ठोंबरेवहिनींच्या सासूच्या तेराव्याला
ते डोळ्यांत तसंच राहून गेलं.
सगळ्यांबरोबर रडले. जरा जास्तच रडले,
तिथे कोणी कारण विचारत नाही म्हणून.
घरी येऊन आरशात पाहिलं:
डोळे सुजलेले,
रेघ जागच्या जागी.

दिवसा मी ऐरोलीत, काचेच्या इमारतीत,
कानाला हेडफोन लावून
अडीच हजारांच्या एका सीरमच्या तक्रारी ऐकते.
"मॅडम, सलग आठ आठवडे वापरलंत का?"
हा प्रश्न मला लिहून दिलेला आहे.
परवा निफाडच्या एक बाई म्हणाल्या,
ते जाऊ दे, तू स्वतः काय लावतेस?
कॉल रेकॉर्ड होत होता.
तरी सांगितलं: ग्लिसरीन, त्यात तेवढंच गुलाबपाणी.
त्या म्हणाल्या, अगं, आमची आईपण तेच.
मग दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही,
आणि घड्याळात कंपनीची चाळीस सेकंद गेली.

पण मला हुकाचं सांगायचं होतं.
दहा रुपयांना दोन, पारदर्शक, मागून चिकट.
एक त्याच रात्री मोरीत पडला,
मुनाफ खरंच बोलला होता.
दुसरा दाराजवळ लावला, ह्यांच्या हेल्मेटसाठी.
त्याला आता सात वर्षं होतील.
हेल्मेट गेलं. हेल्मेटखालचा माणूस गेला.
वारला नाही, उलव्याला गेला,
तिकडे हवा चांगली आहे म्हणे.
आमचे छत्तीसातले एकतीस जुळले होते,
गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवले होते.
हुक राहिला.

काढून पाहिला. खोबरेल तेलाने, उलथन्याने,
वृषालीच्या हेअर ड्रायरने.
रंगारी म्हणाला, निघेल, पण भिंत घेऊन निघेल.
शेवटी मुनाफकडे गेले. म्हटलं, तुझा हुक.
तो दचकला. "पडला?"
"निघत नाही."
ही तक्रार की कौतुक, त्याला कळेना.
मलाही सांगता येईना.
डोकं खाजवत म्हणाला, "तो माल आता येत नाही ताई.
आता येतो तो पडतो."
आणि उगीचच, पैसे न घेता,
सुईत दोरा ओवायची ती पत्र्याची चकती हातावर ठेवली,
त्यावर कुठल्याशा राणीचं डोकं.
"हिची पण गॅर..."
"माहितीये."

रात्री ओवून पाहिला.
पहिल्या खेपेला गेला दोरा.
मुक्ताच्या युनिफॉर्मचं बटण लावलं, मग दुसरं,
जे तुटलंच नव्हतं, तेही पक्कं केलं.

हुकाला हल्ली बाजाराची पिशवी असते,
तळाशी कांद्याची सालं.
मुक्ता शाळेत जाताना तिला टपली मारते.
ती झुलते,
आणि दार लागल्यावरही
थोडा वेळ झुलत राहते.