किती जण?

खेळ सुरू व्हायच्या आधी चार चौकोन येतात.
ढाल धरणारा, जखमा बांधणारी,
कुलपं उघडणारा, मंत्र म्हणणारा.
मी पहिल्यात एक बाई ठेवली
आणि तीन तसेच सोडले,
पंगतीत कुणी न बसलेल्या पत्रावळींसारखे.

नावाला आठ घरं, इंग्रजी अक्षरांची.
इंदुमती बरोब्बर बसलं.
या नावाचं माझ्या ओळखीत कुणी नाही,
म्हणून तेच.

संगणक हेमराजचा, बंगलोरला जाताना ठेवून गेलेला.
फोनवर हसतो,
"काहून वं ताई, एकटीनं नाही होत तो खेळ.
तिसऱ्या दरीत सगळे मरतात."
मीही मेले.
अकरा वेळा.

दिवसा मी कळमन्याच्या बाजारात वजनं लिहिते.
काट्यावरचा आकडा, वजा क्रेट, वजा सडका माल.
त्यामुळे इंदुमतीच्या झोळीचा हिशोब मला लगेच कळला:
साठच्या वर गेलं की ती धावत नाही.
(साठ काय, किलो की आणखी काही,
ते कुठंच लिहिलेलं नाही. आमच्याकडं हे चाललं नसतं.)
चौघं असते तर दोर एकानं घेतला असता,
हंडी दुसऱ्यानं.
एकटीला सगळंच लागतं.
दोर, मशाल, कुलपाची तार, विषावरचा उतारा, भाकरी,
आणि ती चौदा वजनाची तलवार,
जिला दोन्ही हात लागतात.
मग मशाल धरायची कुणी?

मे महिना. रात्री अकराला भिंतीला हात लावला तर चटका.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी इंदुमतीला बर्फात सोडते.
ती कुडकुडते,
माझा घाम बटणांवर.

दरीच्या तोंडाशी धर्मशाळा आहे.
दारातला म्हातारा दर खेपेला विचारतो, किती जण?
त्याला दुसरं वाक्यच दिलेलं नाही.
उत्तरं खाली उघडतात: चार, तीन, दोन,
आणि जरा फिक्या अक्षरात, एक.

रविवारी गोळीबार चौकात सावजीकडे गेले.
पोऱ्यानं फडकं मारत विचारलं, किती जण?
"एक."
"बाकीचे येऊन राहिले काय?"
"नाही. एकच."
त्यानं समोरचे तीन पेले उचलले,
एका हातात, बोटं आत घालून, आणि नेले.
रस्सा तिखट होता.
नाकाडोळ्यांतून पाणी आलं, ते त्याचंच.

बाराव्या खेपेला मी तलवार टाकून दिली.
धर्मशाळेच्या पायरीवर, तिथंच.
त्या चौदात घोंगडं बसलं आणि पाच भाकरी.
दरीत तो दगडी अस्वल उठला.
इंदुमती एका खडकाभोवती फिरत राहिली,
तो मागं, ती पुढं,
मध्ये एक भाकरी, पुन्हा फेरी.
चाळीस मिनिटं.
मग अस्वल खाली बसला.
दमला होता.
खेळात त्याचा दमही मोजलेला असतो
हे चौघांना कधी कळत नसावं,
चौघांत कुणाचा तरी हात आधी उठतोच.
ती त्याच्या बाजूनं निघून गेली.
त्यानं मान वळवून पाहिलं फक्त.

"म्हणजे मारलं नाही त्याला?" हेमराज.
"नाही बे. बसला तो."
"असं होतच नाही."
"होऊन राहिलं ना."

दरीपलीकडं काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही.
बटणांवरचा हात काढला की
इंदुमती उभ्या जागी श्वास घेते,
थोड्या वेळानं वजन या पायावरून त्या पायावर नेते,
खांद्यावरचा पट्टा सरकवते.
हे मी तिला सांगितलेलं नाही.
तिला तशीच ठेवून मी बादली भरायला गेले.

सकाळी काटोलची गाडी उशिरा आली.
काट्यापाशी उभी होते, वही काखेत.
हमाल म्हणाला, बसा ना मॅडम.
तेव्हा लक्षात आलं,
पाय बदलला होता मी,
कधीचाच.