टिल्डा ओहोळ

नकाशांचा कप्पा रुंद, उथळ; ओढला की अडतो.
तीन ताव मी टेबलावर अंथरतो,
गुंडाळू पाहणाऱ्या कोपऱ्यांवर
पंच, डिंकाची बाटली, माझ्या किल्ल्या
आणि ऑर्फा स्लोनबाईंची पर्स.
केंटकीच्या या खोऱ्यात रस्ता नदीच्या मागून चालतो,
ती वळेल तसा.

पहिला ताव एकोणतीस सालचा.
तपकिरी रेषा डोंगरावर खेटून खेटून,
जिथे सैल पडतात तिथेच माणसं.
काळा चौकोन म्हणजे घर,
चौकोनावर झेंडा म्हणजे शाळा.
ऑर्फाबाई नखाने चाचपत जातात:
गिरणी, स्प्रूलमावशी,
"आणि हे आमचं."
तिळाएवढं.
"यात आम्ही अकरा जण झोपायचो."

मोजणीवाला आला तेव्हा त्या सात वर्षांच्या.
त्याने कोबीच्या वाफ्यात तिपाई रोवली,
दोन पेले ताक प्याला
आणि विचारलं, या ओहोळाला काय म्हणतात?
काहीच म्हणत नव्हते.
पाण्याला जा, एवढंच म्हणायचे.
पण साहेबाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं,
म्हणून थोरल्या हॉबर्टने
खेचराचं नाव सांगितलं.

तेव्हापासून निळ्या, तिरप्या अक्षरांत: टिल्डा.

दुसरा ताव, चोपन्न.
गिरणी नाही. शाळेचा झेंडा उतरलेला.
स्लोन हे नाव आधीही कुठे नव्हतं.
टिल्डा आहे.

तिसऱ्यावर जांभळा रंग,
विमानातून फोटो काढून, कचेरीत बसून भरलेला.
धरण जांभळं, तलाव जांभळा,
नवा रस्ताही; तो आता नदीला विचारत नाही.
खाली बारीक टाइपात:
*प्रत्यक्ष जागेवर पडताळलेले नाही.*
हे त्या मला दोनदा वाचायला लावतात.
"म्हणजे कुणी येऊन बघितलंच नाही."

मी भिंग देतो.
छापणाऱ्याने जुनं खोडलेलं नाही, नुसता वरून रंग चढवलाय.
तळाशी रेषा तशाच, चौकोनही.
ओहोळाच्या नावातलं 'टि' काठावर,
'ल्डा' पाण्यात.

प्रत हवी असते त्यांना.
रंगीत यंत्र बिघडलंय, मी सांगतो,
काळ्यापांढऱ्याचे दहा सेंट.
"दे तेच."
कागद गरम गरम बाहेर येतो.
तलाव फिका, धुरकट,
त्यात तो तीळ ठसठशीत.
त्या चार घड्या घालतात, पर्समध्ये सारतात,
काठी शोधतात.

दाराशी थांबून म्हणतात,
"टिल्डा पाण्याला फार बुजायची.
पुलावरूनसुद्धा ओढत न्यावं लागे."