हाडातून

दिवा पहिल्यांदा लागला वारज्याच्या पुलावर.
पिवळा. इंजिनाचं एवढंसं चित्र,
लहान मुलानं काढलेल्या हंड्यासारखं.
गाडी चालत होती म्हणून मीही चालवत राहिले,
आणि दिव्यावर, खोटं कशाला सांगू,
पार्किंगच्या पावतीचा तुकडा चिकटवला.

कर्वेनगरच्या पोरानं स्कॅनर जोडला.
म्हणाला, क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, मॅडम. सेन्सर.
साडेतीन हजार. दिवा पुसला.
नवव्या दिवशी सिंहगड रोडच्या सिग्नलला तो परत आला,
पाहुण्यासारखा नाही,
किल्ली असलेल्या माणसासारखा.

आवाजाचं मी कुणाला सांगितलंच नव्हतं.
सकाळी गार गाडी सुरू केली की
तीन सेकंद, फार तर चार,
पत्र्याच्या डब्यात कुणी सुटे खिळे हलवावेत तसं.
मग सगळं गुळगुळीत.
आणि माझा तर धंदाच ऐकण्याचा:
टिळक रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
काचेच्या बंद खोलीत माणसं बसवायची, हातात बटण द्यायचं,
आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी.
मीच दाबत नव्हते.

रामटेकडीच्या उताराला दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज.
स्कॅनर त्यांच्याकडेही होता.
त्यांनी आकडा वाचला, वायर गुंडाळून ठेवली.
"गाडी रात्रभर राहू द्या. गरम इंजिन सगळ्यांशी गोड बोलतं.
ऑईल कधी बदललं?"
"उन्हाळ्यात."
"कुठल्या?"

सकाळी सातला
त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक
इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं
आणि मूठ डाव्या कानामागं,
त्या उंचवट्यावर, नेमकी तिथं
जिथं मी रोज पेशंटला कंपनाची डबी लावते.
पोराला मानेनं खुणावलं: सेल मार.
तीन सेकंद त्यांचा चेहरा कुठंच नव्हता.
"साखळी," म्हणाले. "तिला ताणून धरणारा दट्ट्या मेलाय.
तेल पोचेतो ती भिंतीवर आपटते."
मी डावीकडून विचारलं, खर्च किती?
ते हात पुसत राहिले.
उजवीकडं जाऊन विचारलं, तेव्हा आकडा आला.
म्हणजे वाट बंद,
हाड शाबूत.

दुपारपर्यंत झाकण निघालं.
खालच्या चाकाची खूण खुणेवर,
वरची अर्ध्या दातानं मागं.
जुनी साखळी त्यांनी नव्या साखळीशेजारी खिळ्याला टांगली,
अर्ध्या पेराएवढी खाली लोंबली.
"लोक म्हणतात ताणली. लोखंड कुठं ताणतंय?
कडी कडी केसाएवढी झिजते.
दीडशे केसांची बेरीज बघताय तुम्ही."
मग साखळी उतरवत, जरा हसून,
"पट्टा असता तर न बोलता तुटला असता, ताई.
ही बिचारी कधीची बडबडतीय."

बिलाच्या पाठीवर मी माझा पत्ता लिहिला.
"मशीन गळ्यात मारणार?"
"आधी ऐकणार."

ते गुरुवारी आले, गॅरेजला सुट्टी असते.
नखांतलं काळं तसंच, शर्ट इस्त्रीचा.
काचेच्या आत बसले, डोकं मागं भिंतीला टेकून,
बटण अंगठ्याखाली, ब्रेकवर पाय ठेवावा तसं.
मी अजून काहीच वाजवलं नव्हतं
आणि त्यांनी दाबलं.
थांबले. पुन्हा दाबलं.
दार उघडून विचारलं, काय येतंय ऐकू?
त्यांनी हवेच्या जाळीकडं बोट केलं.
"तुमचा पंखा. बेअरिंग चाललंय.
दिवाळीपर्यंत टिकेल.
पुढचं सांगता येत नाही."