फोन धरणारी

मी फक्त फोन धरते.
बत्तीस वर्षं इस्पितळात सुया टोचल्या,
हात थरथरत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.
लेखिका ती. एलियाना.
तिचं घर पिवळ्या पत्र्याचं, माझं हिरव्या,
मध्ये कुंपण होतं, ते पुंता अरेनासच्या वाऱ्यानं
मागच्याच वर्षी नेलं.

तिच्या गॅरेजात तीनशे प्रती.
मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या एका बाईची कादंबरी.
सात वर्षं लिहिली, दोन वर्षं कोणी छापेना,
शेवटी गाडी विकून स्वतःच छापली,
त्यामुळे ठेवायला जागाही आपोआप झाली.

भाचा नाउएल सांतियागोहून शिकवतो:
मावशी, पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडायचा.
ती म्हणते, अरे, माझी नायिका
पहिली तीस पानं तोंडच उघडत नाही!
मग तो म्हणतो, पुस्तक गालाशी धर,
शेजारी कॉफीचा कप, आणि हस.
एकसष्ट वर्षांची बाई पुस्तक गालाशी धरून हसते
आणि मला काखेत थर्मामीटर लावून
बसवलेली मुलं आठवतात.

अकरा जणांनी पाहिलं.
त्यातली चार वेळा मीच.

मग एका रविवारी सामुद्रधुनीच्या काठावर
ती पान त्रेचाळीस वाचत होती.
वाऱ्यानं खोकं उलटं केलं,
पानांत घालायच्या साठ रंगीत पट्ट्या
पाणकावळ्यांच्या मागोमाग उडाल्या.
एलियाना धावली, घसरली,
आणि कादंबरीत कुठेही नाही अशी एक शिवी
थेट दक्षिण ध्रुवाकडे तोंड करून दिली.
मी फोन धरूनच होते. सवय.

दोन लाख लोक हसले.
सत्तर जणांनी विचारलं, कोट कुठून घेतला?
ती रात्रभर जागून एकेकाला लिहीत बसली:
कोट आईचा आहे, मिळणार नाही.
पुस्तक मिळेल.
चार प्रती गेल्या.

चारांतली एक पोर्वेनीरची,
पत्त्यात घराचा नंबर नाही, नुसतं 'खिळ्यांचं दुकान'.
टपालाचा खर्च पुस्तकाच्या वर जाईना का,
पण तिला माणूस बघायचं होतं.
दोन तास बोट. मला उलटी झाली, तिला नाही.
दुकानात दानित्सा वुकासोविच,
पुस्तक तिनं आधी तळहातावर तोललं,
खिळे तोलतात तसं,
पैसे मोजून दिले आणि म्हणाली,
त्या दिवशी मी तुम्हाला फार हसले हो.
फुकट हसणं बरं नव्हे.

परतताना एलियाना एक शब्द बोलली नाही.
मी समजूत काढणार होते,
पण पोट पुन्हा ढवळलं.

तीन आठवड्यांनी निरोप आला, कौतुक नाही, काही नाही:
पान त्रेचाळीसवर कातर डाव्या हातात कशी?
पान नऊवर तर बाई उजवी आहे.
माझी आई कातरायची. हात बदलत नाही कोणी.

सात वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं.
मलाही नाही, आणि मी तीनदा वाचलंय.
एलियाना केस न विंचरता माझ्या दारात,
डोळ्यांत असं काहीतरी, जे कॉफीच्या कपाशेजारी
कधीच आलं नव्हतं. धर फोन, म्हणाली.

कप नाही, गाल नाही.
ओट्याला टेकून तिनं चूक वाचली,
मग चुकीच्या पुढचं वाचत गेली,
कातर, पहाट, लोकरीचा ओलसर वास,
तीस पानं मुक्या राहिलेल्या बाईचं पहिलं वाक्य.
वीस मिनिटं. माझा हात जरासुद्धा हलला नाही.

ती गेल्यावर बघते तर
बटण दाबलंच नव्हतं.

परवा तिनं विचारलं, किती जणांनी पाहिलं गं?
मी म्हटलं, एक.