भरलेला पेला

डिचोलीच्या बसस्टँडमागे, आग्नेलच्या दुकानात
आम्ही दोघं चपला काढून आडवे झालो,
सकाळी अकरा वाजता,
काचेपलीकडून लोक बघत असताना.
मी पदर पायांवर ओढून घेतला.
पुंडलीकनं हात डोक्याखाली घेतला,
बार्जवर घ्यायचा तसा.

घरच्या कापसाच्या गादीला दोन खड्डे पडलेत,
मध्ये बांध. शेतात असतो तसा.
जून-जुलैत तिला कुबट वास मारतो.
चवथीआधी एखाद दिवस ऊन मिळालंच
तर दोघांनी धरून अंगणात न्यायची, काठीनं बडवायची.
ती उचलतानाच माझी कंबर धरली.
डॉक्टर म्हणाले, गादी बदला.
कंबर बदला म्हणाले नाहीत, एवढं बरं.

आग्नेल बोलतो कमी, चेन उघडून दाखवतो.
"बाये, कव्हर बघून गादी घेऊं नये. भितर बघ."
आत काथ्या, नारळाच्या सोडणाचा,
रबरात भिजवून दाबलेला.
पुंडलीकनं नाक जवळ नेलं.
"दोर," एवढंच म्हणाला.
सुर्ल्याच्या जेटीवर अठ्ठावीस हंगाम,
नायलॉन येण्याआधीचा तो वास
अजून त्याच्या तळहातात आहे.

मग फोम. "मूठ दाब, सोड, आकडे मोज."
फोमनं मूठ गिळली
आणि हळूहळू परत केली,
उसने पैसे देतात तशी.
मऊ होता, खोटं कशाला बोलू.
पण मे महिन्यात वीज गेली की
ह्याच मऊपणात पाठ उकडून निघेल.

लेटेक्सवर मी जरा जास्तच वेळ पडून राहिले.
वाळपयला, माहेरी, रबराचा चीक
करवंटीत थेंब थेंब पडताना पाहिलाय.
किती करवंट्या लागल्या असतील एका गादीला?
किंमत ऐकली आणि उठून बसले.

शेवटी स्प्रिंगा. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत.
आग्नेलनं गादीवर पाण्याचा पेला ठेवला, काठोकाठ,
आणि दुकानातल्या पोराला दुसऱ्या टोकाला उडी मारायला सांगितलं.
पाणी हललं नाही.
"एकानं कूस बदलली तर दुसऱ्याक कळना, पात्रांव."
मी हसले.
पुंडलीक पेल्याकडे बघत राहिला.
"मग कळणार कसं?"

खाणी बंद पडल्या आणि तो कायमचा घरी आला,
त्या वर्षी त्याला झोप नव्हती.
घर हलत नाही, म्हणायचा.
रात्री तीनला उठून पायरीवर बसायचा.
बांध खचल्याचं मला झोपेतही कळायचं,
मग मीही उठायची. चहा ठेवायची.
काही बोलायचो नाही.

"ही पाण्यात पडली तर तरंगेल?"
त्यानं आग्नेलला विचारलं, काथ्यावर हात ठेवून.
आग्नेलला वाटलं, थट्टा.

काथ्याचीच घेतली, वर दोन इंच रबर, माझ्या कंबरेसाठी.
सहा बाय पाच, खोलीत तेवढीच मावते.
सात वर्षांची हमी.
कार्ड पुंडलीकनं दोनदा वाचलं
आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं.
जुन्या गादीतला कापूस पिंजून देणारा
शोधूनही मिळाला नाही.
ती पडवीत आहे. मांजरीनं एक खड्डा घेतलाय.

पहिली रात्र.
सपाट. इतकं सपाट, की आपण दोघं
कुठून कुठपर्यंत, तेही कळेना.
तीनच्या सुमाराला पाहिलं, त्याचे डोळे उघडे.
माझी कंबर कितीतरी दिवसांनी गप्प होती.
तरी मी कूस बदलली,
मुद्दाम, जोरात,
शेजारून भरलेली बार्ज जावी तशी.
काथ्या हलतो. फार नाही, थोडा.

"पोचलं?" अंधारात विचारलं.
"पोचलं," तो म्हणाला.
आणि थोड्या वेळानं,
"आणखी एकदा."