जांभळ्याची नोंद

पूर्णगडच्या खडकावरून खरवडून आणलं होतं,
थर्मासमध्ये, एसटीच्या मागच्या बाकावर.
आंबा घाटात कंडक्टरनं विचारलं, चहा आहे का ताई?
समुद्र आहे, म्हटलं.
तो हसला नाही. पुढच्या बाकाकडे गेला.

सांगलीत, गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर,
तिसऱ्या दिवशी थाळीत ठिपके उमटले,
जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसे.
मगदूम मॅडमनी थाळी खिडकीशी धरली,
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग वहीत लिहायला लावलं: पू-९. जांभळा. तारीख.

पाच जनुकं एका रांगेत,
आग विझवताना बादल्या पुढं देतात तशी.
शेवटच्याच्या हातात रंग.
कशासाठी?
समुद्रात त्याला खाणारे असतात, एकपेशी, आंधळे.
जांभळा गिळला की मरतात.
देखणेपणाचा काही संबंध नाही, मॅडम म्हणाल्या,
आणि थाळी पुन्हा उजेडात धरली.

इथं त्याला कोण खाणार?
पेप्टोन, यीस्ट, मोजून मीठ,
अठ्ठावीस अंशांची ऊब, सगळं आयतं.
दर शनिवारी तारेच्या टोकावरून नवं बिऱ्हाड.
बाविसाव्या शनिवारी एक ठिपका पांढरा.
हवेतलं काहीतरी पडलं असेल, शिकलगार म्हणाला.
पडलं नव्हतं. त्याच घरचा होता.
रंगाचा खर्च वाचला, तेवढ्यावर
तो भराभरा वाढला.
चाळिसाव्या शनिवारी
जांभळं शोधायला भिंग लागलं.

मग कृष्णा आत आली.
उणे ऐंशीचा फ्रीझर तरंगत छताला टेकला.
पू-९ची पहिली कुपी अकरा दिवसांनी
गाळात सापडली, कोमट, बिनझाकणाची.
वाचलं ते पांढरं,
वरच्या स्टाफरूममध्ये, हजेरीपटांच्या मागं
मी विसरलेल्या एका नळीत.

पुण्याहून अहवाल आला. चारच अक्षरं, शेकडो पानं.
पाचही जनुकं जागच्या जागी.
फक्त दुसऱ्यात सुरुवातीलाच एक अक्षर गळालेलं,
आणि पेशी वाचते तीन-तीन अक्षरांनी.
शरद कमळ उचल.
श गेला की: रदक मळउ चल.
शाई सगळी तिथंच. अर्थ तेवढा नाही.

आण्णा मार्केट यार्डात हळद पॉलिश करायचे, बत्तीस वर्षं.
भाकरीला, उशीला, माझ्या वह्यांच्या कडांना
त्यांच्या बोटांचा पिवळा.
परवा त्यांची नखं कापली. पांढरी.
कधी गेला रंग?
कुणाला ठाऊक, म्हणाले. अंगठा जरा जपून काप.

गेल्या महिन्यात पुन्हा पूर्णगड, तोच थर्मास.
या वेळी खाणारे आणले,
आणि पांढऱ्यात सोडले.
मॅडम निवृत्त झाल्यात, फोनवर म्हणाल्या,
गळालेलं अक्षर परत बसायची शक्यता
कोटीत एक, फार तर.
बाटलीत कोटी किती, मी विचारलं.
हिशेब कर की, म्हणाल्या.

नऊ दिवस झाले.
गढूळ बाटली निवळत चाललीय,
म्हणजे खाणाऱ्यांचं जेवण चालू आहे.
तळाशी थोडं काही बसलंय,
ट्यूबलाइटखाली नीट कळत नाही.
वहीत लिहिलं: पू-९, पांढरा, खाणाऱ्यांसह. तारीख.
रंगाचा रकाना
सकाळच्या उन्हासाठी सोडलाय.